बीएल शिळं कसं होईल?

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक प्रश्न आला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जातच नाहीये, म्हणून इथे लिहून काढतेय. बेलापूरला सीबीडीत आमचं ऑफिस आहे, एक्स्पोर्टची कागदपत्रं करायचं काम, मी गेली सतरा वर्षं हेच करतेय. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (म्हणजे बीएल, माल जहाजावर चढला की जहाज कंपनी देते तो कागद), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, सगळं एकमेकांशी जुळवायचं आणि बँकेत द्यायचं. जूनमधे एक मुलगी नवीन लागलीये, उलव्याहून येते, बीकॉम झालीये, हुशार आहे आणि मुख्य म्हणजे नाही कळलं तर विचारते. तर एका कन्साइनमेंटचे पेपर डिस्क्रेपंट आहेत, म्हणजे अटींशी जुळत नाहीत, असा बँकेचा मेल आला, खाली दोन ओळी होत्या, एक लेट प्रेझेंटेशन आणि दुसरी स्टेल बीएल. तिने मेल वाचला, खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि म्हणाली, "मॅडम, स्टेल म्हणजे शिळं ना? मग बीएल शिळं कसं होईल? कागद आहे तो."

मी तिला आधी नियम सांगितला, कारण तो आधी कळायला हवा. माल होता सुकी लाल मिरची, न्हावाशेव्याहून कोलंबोला, एलसीवर, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटवर, अटींप्रमाणे कागद दिले की पैसे मिळतील अशी खरेदीदाराच्या बँकेची हमी असते ती. एलसीचं काम जगभर यूसीपी ६०० नावाच्या नियमांवर चालतं, ते १ जुलै २००७ पासून लागू आहेत, आणि त्यातलं चौदावं कलम सांगतं की माल जहाजावर चढला त्या तारखेनंतर २१ दिवसांच्या आत कागद बँकेत पोचले पाहिजेत, शनिवार रविवार सण सगळे धरून २१, आणि एलसीची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याच्याही आत. आमच्या बीएलवर तारीख होती ३, म्हणजे २४ पर्यंत जायला हवं होतं. एका सर्टिफिकेटवर खरेदीदाराच्या नावात एक अक्षर चुकलं, चूक आमच्याच टेबलावरची, ते दुरुस्त होऊन येईपर्यंत मधे सुट्ट्या आल्या आणि आम्ही बँकेत पोचलो २७ ला. झालं, स्टेल.

ती म्हणाली पण तीन दिवसांनी एवढं काय बिघडतं? बिघडतं, आणि हे आमच्या धंद्यातलं अगदी मूळ आहे. बिल ऑफ लेडिंग ही नुसती माल चढवल्याची पावती नसते, ज्याच्या हातात ओरिजिनल बीएल त्याच्या हातात माल, तो कागद दाखवल्याशिवाय तिकडे डिलिव्हरी मिळत नाही. आता इथून कोलंबोला जहाज चार-पाच दिवसांत पोचतं. माल तिकडे जाऊन बसलाय आणि कागद इकडे बेलापूरला माझ्या ड्रॉवरमधे, तिकडे कंटेनरचं भाडं चढतंय, बंदराचं भाडं चढतंय, आणि खरेदीदार नुसता वाट बघतोय. म्हणून बँक म्हणते की हा कागद स्टेल झाला.

नंतर खरेदीदाराने पेपर आहेत तसे स्वीकारले, बँकेने डिस्क्रेपन्सीची फी कापली आणि प्रकरण मिटलं. पण मला राहवेना, कारण त्या सगळ्या प्रकारात आपण ज्याला शिळं म्हणतो तसं काहीच नव्हतं. मिरची ठणठणीत होती. कागदावरचं प्रत्येक अक्षर खरं होतं, जहाजाचं नाव, कंटेनरचा नंबर, सील, वजन. फक्त तो कागद जिथून पुढे जायला हवा होता तिथे जास्त वेळ राहिला. मी तिला पटकन बोलून गेले, "कागद खराब नाही झाला गं, कागद थांबला."

संध्याकाळी नेरुळला घरी आले, चहा टाकला आणि या शब्दाचं मूळ शोधत बसले, आणि खरंच सांगते, अंगावर काटा आला. कारण मूळ नेमकं तेच आहे. स्टेल हा शब्द इंग्रजीत १३०० च्या सुमारास दिसतो, जुन्या फ्रेंचमधून आला असावा आणि त्याच्या मागे जर्मॅनिक भाषांमधलं 'उभं राहणं, एका जागी असणं' असं मूळ आहे. स्टॉल हा शब्द त्याच घरातला, म्हणजे तबेल्यात घोडा जिथे उभा करतात ती जागा, आपण ठाण म्हणतो ते. माझं माहेर ठाण्याचं, आणि ठाणे हे नाव तर श्रीस्थानकावरून आलेलं, शिलाहारांच्या राजधानीचं नाव, स्थान म्हणजे परत उभं राहायची जागाच. स्टेल आणि ठाणं यांचं मूळ एकच आहे असं मी म्हणत नाही, पण दोन्हींच्या पोटात 'थांबलं' हाच अर्थ आहे आणि लहानपणापासून रोज तोंडात असलेल्या नावात तो निघाला याचा मला फार आनंद झाला.

आणि गंमत म्हणजे सुरुवातीला स्टेल हे कौतुक होतं! एल म्हणजे तिकडची बिअर, किंवा वाइन, पिंपात बरेच दिवस शांत उभी ठेवली की गाळ खाली बसतो, वरचं नितळ होतं, चढतं पण जास्त. अशा नितळलेल्या पेयाला स्टेल म्हणायचे. अठराव्या शतकात लंडनमधे नव्या बिअरला माइल्ड आणि मुरलेलीला स्टेल म्हणत, आणि स्टेल महाग मिळायची. म्हणजे आपण लोणच्याला मुरलेलं म्हणतो ना, तसं. पावाला वगैरे स्टेल म्हणायची पद्धत नंतरची, आणि मग हळूहळू शब्दाची चांगली बाजू गेली आणि वाईट तेवढी उरली. उभं राहिल्याने काही वस्तू सुधारतात आणि काही उतरतात, शब्दाला सुरुवातीला दोन्ही चालत होतं.

मग मी आपल्या शब्दाकडे वळले. शिळा. हा आलाय संस्कृत शीतल वरून, शीतल, मग प्राकृतातून झिजत झिजत शिळा. म्हणजे मुळात नुसतं गार झालेलं! चुलीवरून उतरलं, गार झालं, झालं शिळं. खराब, नासलेलं, टाकायचं असं यात कुठेही नाही. श्रावण शुद्ध सप्तमीला शिळासप्तमी म्हणतात, शीतला सप्तमी पण म्हणतात, दोन्ही नावं एकाच दिवसाची, आदल्या दिवशी रांधून ठेवायचं आणि त्या दिवशी चूल न पेटवता गार खायचं. आई ठाण्याला अजून करते. मी लहानपणापासून तो दिवस बघतेय पण शिळा आणि शीतला हे एकच आहे हे मला वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी, एका बीएलमुळे कळलं.

आईला फोन लावला. ती गीतेचा रोज एक अध्याय म्हणते, तिला विचारलं की संस्कृतात शिळ्याला काय शब्द आहे, तिने एका सेकंदात सांगितलं, पर्युषित, सतराव्या अध्यायात आहे, तामसी आहार कुठला ते सांगताना. पर्युषित म्हणजे रात्रभर राहिलेलं, मुक्कामाला राहिलेलं. आमच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे, त्यांचं पर्युषण आत्ताच झालं, तो शब्दही त्याच धातूचा, एका जागी मुक्काम करून राहणं. म्हणजे बघा, इंग्रजीत उभं राहिलेलं, संस्कृतात रात्र काढलेलं, मराठीत गार झालेलं. तिन्ही ठिकाणी वस्तूबद्दल वाईट असं काही म्हटलेलंच नाही, मधे किती वेळ गेला तेवढंच सांगितलंय.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं? कारण माझी मुलगी, नववीत आहे, ती आता सगळ्यालाच स्टेल म्हणते. पाव स्टेल, चिवडा स्टेल, बेडरूममधली हवा स्टेल, शाळेतला जोक स्टेल. आणि स्टेल म्हटलं की तिच्या लेखी ते टाकायचं. मला इंग्रजीचा राग नाही, माझं पोट इंग्रजी कागदांवर चालतं, पण आपल्याकडे या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि तो वेगळा शब्द आपल्याला काय करायचं ते पण सांगतो. तो शब्द गेला की ती माहिती पण जाते.

आता चिवड्याचंच घ्या. गणपतीत केलेला चिवडा, डबा नीट लागला नव्हता, पाऊस अजून गेलेला नाही, नेरुळची हवा म्हणजे खाडीची, दमट. चिवडा मऊ पडला. इंग्रजीत स्टेल. पण चिवडा शिळा होत नाही, चिवडा सादळतो. सादळणं म्हणजे हवेतलं पाणी पिऊन मऊ होणं, पापड सादळतो, बिस्कीट सादळतं, मीठसुद्धा सादळतं. शब्दातच कारण आहे, दमटपणा, आणि उपाय पण आहे, पाणी काढून टाका. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा मिनिटं हलवला, ताटात पसरून पूर्ण गार केला आणि मगच डब्यात भरला, कारण गरम भरला तर त्याच्याच वाफेने परत सादळतो. मुलीने रात्री अर्धा डबा संपवला. तेच तेल खवट झालं असतं तर मी पण टाकलाच असता, खवट झालेल्याला परत आणता येत नाही, शेंगदाणे, सुकं खोबरं, जुनं तेल, एकदा खवट वास आला की संपलं. सादळलेलं आणि खवट यात डबा वाचवणं आणि डबा रिकामा करणं एवढा फरक आहे आणि इंग्रजीच्या त्या एका शब्दात तो दिसतच नाही.

आणि पाव बरोब्बर उलटा! चिवडा सादळला की मऊ होतो आणि पाव शिळा झाला की कडक होतो, तरी दोन्ही स्टेलच. मला कायम वाटायचं की पावातलं पाणी उडून जातं म्हणून तो कडक होतो, आणि उघडा ठेवला तर ते होतंच, पण मुख्य कारण ते नाही. झाँ-बातिस्त बूसँगो नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ होता, त्याने १८५२ साली दाखवलं की हवाबंद ठेवलेला, पाणी अजिबात न गमावलेला पाव पण शिळा होतो, आणि तो परत ६० अंशांच्या वर गरम केला की पुन्हा मऊ होतो. पाणी तर आतच आहे, मग झालं काय? झालं असं की पिठातला स्टार्च भट्टीत पाणी पिऊन फुगतो, सैल पडतो, म्हणून ताजा पाव लुसलुशीत. गार होताना त्या स्टार्चचे रेणू परत एकमेकांना चिकटून ओळीत बसायला लागतात, आवळत जातात, पाव घट्ट होतो. आणि ही क्रिया सगळ्यात जोरात कुठे होते तर फ्रीजच्या तापमानाला. म्हणजे आपण काळजीने लादीपाव फ्रीजमधे ठेवतो आणि तो तिथेच सगळ्यात लवकर कडक होतो. बुरशीपासून वाचतो हे खरं, आपल्याकडच्या दमटपणात तो धोका मोठाच आहे, पण मऊपणा जातो. त्यापेक्षा डीप फ्रीझरमधे टाकावा, तिथे ही क्रिया जवळजवळ थांबते, आणि काढला की तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं. मी हल्ली असंच करते. शनिवारी सकाळी खाली सेक्टरच्या बेकरीतून दोन लाद्या आणते, एक त्या दिवशीच्या उसळीला आणि दुसरी सुटे पाव करून फ्रीझरमधे.

भाताचं पण तेच शास्त्र आहे आणि इथे आपली बायकामंडळी शास्त्राच्या कितीतरी पुढे होती. ताज्या मऊ भाताला फोडणी दिली तर गचका होतो, सगळ्यांना माहितीये. फोडणीचा भात हा रात्रीच्याच भाताचा करायचा, कारण रात्रभरात स्टार्च आवळला जातो, शीत न् शीत मोकळं होतं, हाताने मोडलं तर दाणा तुटत नाही. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, शेंगदाणे, भरपूर कांदा, आणि वर लिंबू. म्हणजे हा पदार्थ शिळ्यापासूनच होतो, ताज्यापासून होतच नाही!

पण इथे एक गोष्ट ठासून सांगते. शिळा भात आणि उतरलेला भात वेगळा. झाकण उघडल्यावर आंबूस वास आला, बोट लावलं तर तार सुटली, तो उतरला, तो टाकायचा. आणि नुसत्या वासावरही सोडू नका, कारण भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यावरही मरत नाहीत, भात तासन् तास बाहेर गरम हवेत राहिला की ते वाढतात, आणि त्यांच्यातलं एक विष असं असतं की ते परत गरम करून पण जात नाही. म्हणून आमच्याकडे रात्री जेवणं झाली की उरलेला भात ताटात पसरून गार करायचा आणि तास-दोन तासांच्या आत फ्रीजमधे. शिळं खायचं तर ते नीट शिळं केलेलं असलं पाहिजे, हे माझं स्पष्ट मत आहे.

आणि अजून एक, जे मला मनापासून खटकतं. आई कायम शिळी पोळी स्वतःच्या पानात घ्यायची, बाबांना आणि आम्हाला गरम. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी थांबवलं पण नाही. माझ्या घरी मी ते ठेवलेलं नाही, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा होतो आणि तो सगळ्यांच्या ताटात पडतो, नाहीतर दूध-पोळी सगळ्यांना. शिळं म्हणजे नुसतं गार झालेलं असेल तर ते एकट्या बाईने का खायचं?

आता मासळी. रविवारी दिवाळ्याला गेले होते, बेलापूरच्या खालच्या अंगाला कोळीवाडा आहे तिथे. माझ्या नेहमीच्या मावशी आहेत, त्यांच्याकडे बांगडे होते, पण पाटीत बर्फ दिसला म्हणून मी म्हटलं, "मावशी, शिळे आहेत का?" त्यांना ते लागलं. म्हणाल्या, "बर्फाची हाय ताई, शिली नाय." आणि एक बांगडा उचलून अंगठ्याने त्याचा कल्ला उघडून माझ्या डोळ्यांसमोर धरला. आत ओल्या कुंकवासारखा लाल. मग पोटावर बोट दाबलं, खळगा पडला आणि लगेच भरून आला. मग डोळा दाखवला, फुगीर आणि काळाभोर, वर साय नाही. "आता ही बघ," म्हणाल्या आणि बाजूच्या पाटीतला एक आणला, त्याचा कल्ला विटकरी पडलेला, डोळा आत गेलेला, बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. "ही शिली." एवढंच म्हणाल्या आणि वाटा लावायला लागल्या.

मी उभी राहून विचार करत होते की माझ्या कागदाला पण असं करता आलं असतं तर! बर्फातला बांगडा पण थांबलेलाच आहे, कदाचित दोन दिवस, पण त्याला नीट थांबवलाय, म्हणून तो शिळा नाही. नुसता काळ मोजून चालत नाही, त्या काळात वस्तू कशी ठेवली होती ते पण बघावं लागतं, आणि मावशी ते अंगठ्याने बघतात. बँकेला माझं सर्टिफिकेट कशासाठी अडकलं याच्याशी देणंघेणं नाही, तिथे फक्त तारखा, आणि ते पण बरोबरच आहे म्हणा, इतक्या देशांमधल्या बँका एकमेकांचे कल्ले उघडून बघू शकत नाहीत, त्यांना एक आकडा ठरवावाच लागतो.

आकड्यावरून चेक आठवला. चेक पण स्टेल होतो. १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, त्याआधी सहा महिने चालायचा. मुलीच्या बारशाला मामांनी २१०० रुपयांचा चेक दिला होता, तेव्हा सहा महिन्यांचा नियम होता. बाळंतपणाच्या धावपळीत तो पाकिटासकट कपाटात साड्यांच्या खाली गेला आणि मला सापडला आठ महिन्यांनी. बँकेत गेले तर काउंटरवरचे काका म्हणाले, मुदत गेली, स्टेल झालाय. मला इतकं वाईट वाटलं, पैशाचं नाही, मामांचा चेक असा पडून राहिला याचं. मी मामांना सांगायलाच घाबरत होते. शेवटी आईने सांगितलं, तर मामा दुसऱ्या रविवारी नौपाड्याहून स्वतः आले, नवीन चेक घेऊन, आणि जुना परत मागितला नाही, म्हणाले ठेव तुझ्याकडे. आता मामा नाहीत. तो स्टेल चेक अजून त्याच पाकिटात आहे, वरची सही निळ्या शाईची, जराही फिकट झालेली नाही. कायद्याने पण असंच आहे बरं का, चेक स्टेल झाला म्हणून देणं संपत नाही, ज्याने दिलाय तो नवा देऊ शकतो, नाहीतर तारीख बदलून सही करू शकतो. शिळा होतो तो कागद, देणं तसंच राहतं.

नवऱ्याला हे सगळं जेवताना सांगत होते. तो ऐरोलीला आयटीत आहे, म्हणाला आमच्याकडे रोज हाच शब्द. ब्राउझर एखादं पान स्वतःकडे साठवून ठेवतो, कॅशे म्हणतात, प्रत्येक वेळी सर्व्हरकडे जायला नको म्हणून. त्या साठवलेल्या पानाला एक मुदत असते, मुदतीत असेपर्यंत ते फ्रेश आणि मुदत गेली की स्टेल, नियमांच्या दस्तऐवजात चक्क हेच दोन शब्द आहेत, ताजं आणि शिळं. मी म्हटलं मग शिळं झालं की टाकून देतात? तो म्हणाला नाही नाही, टाकत नाहीत, आधी विचारतात. ब्राउझर सर्व्हरला विचारतो, माझ्याकडे हे आहे, बदललंय का? आणि काही बदललं नसेल तर सर्व्हर नुसता ३०४ हा आकडा पाठवतो, म्हणजे बदल नाही, वापर तेच. आणि ते शिळं पान परत ताजं धरलं जातं. हे ऐकून मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसले. मी इतके दिवस जे शब्दात पकडायचा प्रयत्न करतेय ते या लोकांनी नियमात लिहून ठेवलंय, शिळं झालं की टाकायचं नाही, आधी विचारायचं.

बुद्धिबळातलं स्टेलमेट पण त्याच थांबण्यातलं आहे, जुन्या फ्रेंचमधल्या अडून उभं राहण्यातलं. राजाला शह नाही पण हलायला एकही घर नाही आणि दुसरं कुठलं मोहरंही हलू शकत नाही, डाव बरोबरीत सुटतो. आपण त्याला जिच म्हणतो. किती छान शब्द आहे आणि तो टिकलाय, जागावाटपाची जिच, चर्चेची जिच, पेपरात अजून येतो. त्यामुळे मला आशा आहे की सादळणं पण टिकेल. कोंदट, कुबट, वातड, विटलेलं, आंबलेलं, नासलेलं, कोमेजलेलं, पारोसं, बुरसट, हे सगळे टिकावेत. खोलीतली हवा कोंदट, म्हणजे खिडकी उघड. कपाटातल्या चादरीला कुबट वास, म्हणजे उन्हात टाक. हे शब्द मी हल्ली घरात मुद्दाम मोठ्याने वापरते. परवा मुलगी शाळेतून आली आणि डबा उघडून म्हणाली, "आई, खाकरा सादळलाय." मी काही बोलले नाही पण मला दिवसभर बरं वाटत होतं.

राहता राहिला त्या मुलीचा प्रश्न. स्टेल बीएलला मराठीत काय म्हणायचं? शिळं बीएल नाही म्हणणार, कारण शिळं म्हटलं की आज सगळ्यांच्या मनात आधी अन्न येतं. मुदतबाह्य पण बरोबर नाही, मुदतबाह्य औषध म्हणजे ज्याचा उपयोग संपला, आणि बीएलचा उपयोग संपत नाही, त्याच कागदावर माल सुटतो, आमचा सुटलाच की. थांबलेलं बीएल मला आवडतं पण ऐकणाऱ्याला कळणार नाही, त्याला वाटेल कोणीतरी अडवलंय.

काल त्याच खरेदीदाराची पुढची एलसी आली. मी आधीच मेल करून विनंती केली होती की प्रवास इतका लहान आहे, तर कागदांना थोडी सवलत ठेवा, आणि त्यांनी ठेवली, खालच्या अटींमधे एक ओळ होती, स्टेल बीएल ॲक्सेप्टेबल. अशी ओळ एलसीत असते कधी कधी. मी ती त्या मुलीला दाखवली. तिने वाचली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे उशिराचं बीएल चालेल."

उशिराचं. मी माझ्या वहीत तेच लिहून घेतलं, आणि तिने भिंतीवरच्या शिपमेंटच्या तक्त्यात जहाजाच्या तारखेशेजारी स्वतःहून अजून एक रकाना आखला, त्यात लाल पेनाने प्रत्येक कंटेनरपुढे एकविसाव्या दिवसाची तारीख.